मुलींच्या बाजूचे जार

२६ एप्रिल, धुळे

फुकट दिलेल्या मंडपाचा खरा खर्च आज सुपडूबरोबर बसून काढला. दोन कनाती फाटल्या. सहा खुर्च्या लंगड्या झाल्या. एक कूलर जळाला, कारण क्रांतिकारकांनी त्याच्याच बोर्डात सगळ्यांचे मोबाइल चार्जिंगला लावले होते. जनरेटरचं डिझेल गेलं ते वेगळं. आणि निघताना पोरांनी "आबा, तुम्ही नसता तर काय झालं असतं" म्हणत ज्या मिठ्या मारल्या, त्यांचा गुलाल माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर आहे. तो निघणार नाही असं धोब्याने तोंडावर सांगितलं. यातलं काहीच बिलात लावता येत नाही, कारण बिलच नाही.

सुपडू माझा मुकादम. निम्मं आयुष्य माझे बांबू उचलण्यात गेलं, तरी विचारतो, "आबा, फुकट कसाले दिधा मंडप?"

म्हटलं, "अरे, याच पोरांची पुढच्या दोन वर्षांत लग्नं आहेत. आणि यांच्या मांडीला मांडी लावून फोटो काढायला जे आले, त्यांच्या सभा त्याच्या आधी आहेत."

सुपडू हसला. त्याला उशिरा कळतं, पण कळतं.

आंदोलन भरतीचं होतं. थांबलेली पोलीस भरती सुरू करा, मैदानी चाचणीची तारीख द्या. जळगाव, भुसावळ, शिरपूरच्या अभ्यासिका रिकाम्या करून पोरं-पोरी इथे येऊन मोठ्या कचेरीसमोरच्या पटांगणात बसल्या. काल तारीख मिळाली: जूनचा पहिला आठवडा. त्या आठवड्यात धुळ्याची कुत्रीसुद्धा गाडीखालून बाहेर येत नाहीत, आणि हे पळणार. पण तारीख मिळाली म्हणून नाचले. मागितलेलं हातात पडलं की ते उलटून बघायचं कोणाला सुचत नाही.

एक गोष्ट मात्र हिशोबात बसली नाही. पाण्याचे जार. मुलांच्या बाजूचे दुपारपर्यंत खडखडीत व्हायचे. मुलींच्या बाजूचे संध्याकाळी जवळजवळ भरलेले परत यायचे. अंगाची लाही होत होती आणि या पोरी पाण्याला शिवत नव्हत्या. शहरात येऊन चार महिने राहिल्या की जारचं पाणी चालत नाही, सीलबंद बाटली लागते. मी सोनगीरहून आलो तेव्हा लग्नघरी पितळी पातेली भाड्याने द्यायचो आणि त्याच पातेल्यांतलं खरकटं पाणी उपसायचो. तहान लागली की हौदाला तोंड लावायचो. असो. ज्याला आयतं मिळतं त्याचे चोचले असतात.

२८ एप्रिल

माझी लेक सारिका जेवली नाही. तिची मैत्रीण ललिता दवाखान्यात आहे. ताप, उलट्या, कंबर धरून बसते, पायावर सूज.

ही ललिता शिरपूरच्या वरच्या अंगाची, सातपुड्याच्या पायथ्याची. बाप पुन्या, आई दिवालीबाई; पाऊस पडला तर शेती, नाही तर मजुरी. पोरगी इथे खोली करून राहते, पहाटे मैदानावर धावते, दिवसा पुस्तकं. सारिका म्हणते तिच्याइतकं जोरात खानदेशात कोणी पळत नाही. दोन वर्षं या एका भरतीसाठी थांबली आहे. यात लागली तर ठीक, नाही तर बाप परत नेणार. तिच्या मागे दोन भाऊ शिकायचे आहेत.

मी म्हटलं, "आंदोलन उन्हात केलं, ताप येणारच. एसीत करायचं होतं."

सारिकाने ताट सरकवलं.

या पोरींचं मला पहिल्यापासून कळलेलं नाही. आंदोलनाच्या सुरुवातीला सारिका दुपारी स्कूटीवर दोघी-तिघींना घरी आणायची. एक गेली की दुसरी. पंख्याखाली बसायच्या, एकेक करून आत तोंड धुवायला जायच्या, सारिकाच्या आईने केलेला चहा घ्यायच्या, की पुन्हा घोषणा द्यायला हजर. ललिता दारातच उभी राहायची, "येऊ का आबा?" विचारून. चौथ्या दिवशी मी ओट्यावरून मोठ्याने म्हटलं होतं, "उपोषणाला बसल्यात की पाहुणचाराला? घराची धर्मशाळा केली." विनोदच होता. दुसऱ्या दिवसापासून कोणी आलं नाही. विनोदही कळत नाही या पिढीला.

३० एप्रिल

अमृत नावाचा जो पोरगा आंदोलनाचा नेता आहे, म्हणजे माइक सोडत नसे तो, त्याने मोबाइलवर व्हिडिओ टाकला. मागे ललिताचा सलाइन लावलेला फोटो, पुढे हा, गळा दाटलेला. "आंदोलनस्थळी पाजलेल्या पाण्याची चौकशी झालीच पाहिजे!"

पाजलेल्या! म्हणजे मी.

सकाळपासून फोन. पारोळ्याचं एक लग्न हातचं गेलं. मुलीचा मामा म्हणे, "तसं काही नाही हो आबासाहेब, पण पाण्याचं आम्ही दुसरीकडे बघतो. आणि मंडपाचंही." दुपारी दोन पत्रकार आले. एकाने जारचा फोटो काढला, त्याच जारमधलं दोन ग्लास पाणी प्यायला आणि बातमी दिली की पाणी संशयास्पद आहे.

अमृतला फोन लावला. "अमृतभाऊ, जे पाणी पिऊन तू नऊ-नऊ भाषणं ठोकली, ते खराब होतं का रे?"

"आबा, मी तुमचं नाव घेतलेलं नाही."

"तिथे दुसरा कोण पाणी देत होता, वरुणराजा?"

"आबा, पब्लिकच्या भावना आहेत."

यांच्या भावनांना माझा ग्लास लागतो, माझी गादी लागते, माझा जनरेटर लागतो, आणि शेवटी माझंच नाव लागतं. ज्याने पंचवीस वर्षांत दहा हजार पंगती उठवल्या, ज्याच्या मंडपात कधी एका माणसाला ढाळ लागले नाहीत, त्या भाईदासच्या पाण्याची चौकशी! पाणी प्रयोगशाळेत दिलं. माझ्या खर्चाने.

२ मे

प्रयोगशाळेचा कागद आला. पाणी शुद्ध. कागद खिशात घालून दवाखान्यात गेलो. बरोबर सफरचंदं आणि नारळपाणी, म्हणजे आत सोडतात.

माझे कान लहानपणापासून तिखट. लग्नात वराकडचे आणि वधूकडचे कनातीपलीकडे काय कुजबुजतात यावर मी धंदा उभा केला. खाटेच्या पडद्याबाहेर उभा राहिलो. आत डॉक्टर, वय जेमतेम सारिकाएवढं, वैतागून ललिताच्या बापाला सांगत होता.

"पाण्यातून काही झालेलं नाही हो काका. ही पाणी प्यायलीच नाही. दिवसेंदिवस. इतक्या उन्हात पाणी नाही, लघवी दाबून ठेवली, त्यातून जंतू वर चढले. किडनीला सूज आहे. आता दर तासाला पाणी. समजलं? दर तासाला. आणि पुन्हा असं केलं तर कायमचं दुखणं होईल."

फटीतून दिसलं, पुन्याने डोक्यावरचा रुमाल काढून हातात धरला होता, देवळात धरतात तसा.

ललिताचा आवाज बारीक आला. "सर, जूनमध्ये मैदान आहे."

"पाणी पीत राहिलीस तर पळशील. नाही तर खाटेवरून बघशील."

मी बाहेर उभा, आणि खरं सांगतो, छातीवरचा धोंडा उतरला. प्यायलीच नाही! माझं पाणी निर्दोष. मी तिथूनच अमृतला फोन केला. "काय भाऊ, पोरगी पाणी न पिल्यामुळे आजारी आहे. डॉक्टरच्या तोंडून ऐकलं. आता त्याचा व्हिडिओ काढ."

"हो का?" म्हणाला. "पण का नाही प्यायली?"

"ते मी काय सांगू? जार तिच्या पुढ्यात होता."

घरी येऊन पेढे वाटले. पुष्पाबाईने, म्हणजे आमच्या मंडळींनी, पेढा हातात घेऊन विचारलं, "पोर दवाखानामा शे, आनि पेढा कसाना?"

"पाण्याचा."

तिने पेढा परत डब्यात ठेवला.

३ मे

सारिका आज बोलली. चार दिवसांत पहिल्यांदा, आणि एकदमच.

"आबा, तुम्ही सगळ्यांना सांगत सुटलाय की ललिता प्यायली नाही. का नाही प्यायली हे विचारलंत का कोणाला?"

"चोचले."

"जायला जागा नव्हती आबा. शंभरावर मुली, दिवसभर तिथेच. मुलं भिंतीमागे जात होती. आम्ही कुठे जाणार? प्यायलं की जावं लागतं, म्हणून कोणी प्यायचंच नाही. सकाळी निघताना दोन घोट, मग रात्री खोलीवर."

मी म्हटलं, "पटांगणाच्या कोपऱ्यात बायकांचं स्वच्छतागृह आहे की. पिवळ्या भिंतीचं. चांगलं बांधलेलं."

"आहे. त्याला कुलूप होतं. आम्ही खिडकीतून बघितलं. आत छतापर्यंत गाद्या होत्या."

"कोणाच्या?"

"गाद्यांवर नाव असतं आबा. लाल रंगात. तुम्हीच लिहून घेता, चोरी होऊ नये म्हणून."

आता यात माझं काय चुकलं? धुळ्यातला नव्हे, सगळ्या खानदेशातला कोणताही मंडपवाला विचारा. सामान कुठे ठेवता? बायकांच्या स्वच्छतागृहात. कोरडं असतं, कुलूप असतं, कोणी फिरकत नाही. चौकीदाराला चहापाणी दिलं की चावी मिळते. मी धंदा सुरू केला तेव्हापासून ही पद्धत आहे. कधी एका बाईने तक्रार केलेली नाही. गाद्या उघड्यावर ठेवल्या असत्या तर याच आंदोलनातल्या पोरांनी त्या खोलीवर नेल्या असत्या.

हे सगळं मी सारिकाला बोललो नाही. बोलण्याजोगं होतं, पण तिचा चेहरा बघून नाही बोललो.

पुष्पाबाई भाकरी थापत होती, तिकडूनच म्हणाली, "त्या पोरी दुपारना चहासाठे नही येत व्हत्यात. आते तरी समजनं का तुमले?"

पंचवीस वर्षं संसार केला, अजून ही बाई गोष्ट त्या दिवशी सांगत नाही, नंतर सांगते.

५ मे

सुपडूला घेऊन गेलो, गाद्या आणि पातेली काढून गोडाऊनला आणली. आत नळ आहे, पाणी नाही. संडासाची भांडी फुटलेली. बाहेर पाटी मात्र नवी: कोणीतरी उद्घाटन केलेलं, नाव पितळी अक्षरात. खोली झाडून घेतली, कुलूप लावलं, चावी चौकीदाराला परत केली. आता माझ्याकडे बोट दाखवायला कोणाला जागा नाही.

१२ मे

समिती झाली. नाव लांब आहे: आंदोलन व गर्दी आरोग्य-सुरक्षितता समिती. ललिताच्या फोटोवरून ओरड झाली म्हणून वरून आदेश आला. मला अनुभवी व्यावसायिक म्हणून घेतलं. अमृतला युवक प्रतिनिधी म्हणून. तो इस्त्रीचा शर्ट घालून आला आणि मला वाकून नमस्कार केला. व्हिडिओ कोणी काढला होता हे तो विसरला, मी नाही.

टेबलाभोवती आम्ही दहा पुरुष, आणि एक रिकामी खुर्ची. तिच्यासमोर पाटी: महिला प्रतिनिधी. ती जागा ललितासाठी. ती दवाखान्यात म्हणून खुर्ची रिकामी. तिच्यापुढेही बिस्किटं ठेवली होती. ती अमृतने खाल्ली.

चर्चा झाली ती अशी. चेंगराचेंगरी झाली तर. अश्रुधूर सोडला तर. आग लागली तर. ड्रोन किती असावेत. एका डॉक्टरांनी पडद्यावर चित्रं दाखवली, परदेशातल्या कुठल्यातरी चौकाची. दुसऱ्या एकाने आंदोलकांना उष्माघाताचं पत्रक वाटावं असं सुचवलं. त्यात पहिलं वाक्य: भरपूर पाणी प्या. सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली.

मग समितीच्या प्रमुख साहेबांनी पटांगणाचा नकाशा काढला. "महिला स्वच्छतागृह: उपलब्ध." आणि बरोबरची खूण केली.

मी बोलू शकलो असतो. बोललो नाही. बोललो असतो तर पहिला प्रश्न आला असता की तुम्हाला आतलं कसं ठाऊक. पण बाहेर पडताना साहेबांना गाठलं. "साहेब, भरतीच्या मैदानाला मंडप लागेल. मुलींसाठी फिरती शौचालयं मी स्वतः आणतो. खानदेशात आजवर कोणी केलेलं नाही."

साहेबांचे डोळे चमकले. त्यांना बातमी दिसली. मला काम दिसलं. दोघांनी एकमेकांना पुरतं ओळखलं.

२१ मे

काम मिळालं. मंडप, खुर्च्या, पाहुण्यांचा सोफा, कूलर, पाणी, आणि चार शौचालयं.

शौचालयं नाशिककडून आणली. एका बांधकामावरची जुनी, मजुरांसाठीची. पण रंग दिला की नवीच. गुलाबी रंग दिला, बायकांसाठी म्हणून. वर पाटी: "लेकींच्या सन्मानार्थ, भाईदास मंडप." सुपडू बाजूला उभा राहून बघत होता.

"आबा, रंग चांगला शे," म्हणाला. "आतून पन देखाले पाहिजे ना?"

"आतून काय बघायचं? खड्डा बघायचा? पाण्याची टाकी भर आणि ताडपत्री घाल."

घरी सारिकाला फोटो दाखवला. ती पहिल्यांदा हसली. "आबा, खरंच केलंत?" म्हणाली. मी म्हटलं, "तुझ्या अमृतभाऊने नऊ भाषणं केली, डॉक्टरने पडद्यावर चित्रं दाखवली. केलं कोणी? चौथी नापास माणसाने."

२९ मे

ललिता घरी आली, सारिकाबरोबर. वाळली आहे, पण डोळे तेज. हातात दोन लिटरची बाटली, त्यावर सारिकाने पेनाने रेघा मारून दिलेल्या; तासाला एक रेघ. दारात उभी राहून विचारलं, "येऊ का आबा?"

"ये ये, विचारतेस काय."

पुष्पाबाईने तिला हाताला धरून सरळ आत नेलं. बाहेर आल्यावर जेवायला बसवलं. शेवभाजी केली होती.

मी विचारलं, "पळतेस का पुन्हा?"

"आठवडा झाला सुरू केलं. पहिल्यांदा अर्ध्यातच दम लागायचा. आता पूर्ण होतं."

"डॉक्टर काय म्हणतो?"

"पाणी थांबवायचं नाही म्हणतात. पाणी चालू असलं तर काही होत नाही. थांबलं की लगेच..." कंबरेवर हात ठेवला तिने.

"मग घाबरू नको. या वेळी मैदानावर माझी व्यवस्था आहे. चार शौचालयं, फक्त तुमच्यासाठी. पोटभर पाणी पी."

ती हळूच म्हणाली, "आबा, त्या दिवसानंतर मी तुमच्या घरी पुन्हा आले नाही, ते राग म्हणून नाही."

"मग?"

"आमच्याकडे घरच्या माणसाने एकदा म्हटलं की माणूस जात नाही. एवढंच."

मी भाजीत लक्ष घातलं. पोरगी शिष्ट आहे असं मला वाटायचं, तशी नाही. नुसती लाजरी. पोलीस कशी होणार हा मोठाच प्रश्न आहे.

५ जून

मैदान तयार. सकाळपासून तिथेच उभा. पाहुण्यांचा सोफा लाल, वर मखमली कापड. शौचालयं सुपडू मागच्या भिंतीकडे लावायला निघाला होता. मी थांबवलं. "एवढा खर्च भिंतीला दाखवायला केला का? समोर लाव. सोफ्यासमोर. आल्या-गेल्याला दिसू दे." बरोबर सोफ्यासमोर लावली, मध्ये फक्त धावपट्टी. गुलाबी रंग उन्हात काय उठून दिसतो!

साहेब येऊन बघून गेले. छायाचित्र झालं, मी, साहेब, अमृत, मागे चारही दारं. अमृत म्हणाला, "आबा, हे आमच्या आंदोलनाचं यश आहे." त्याला म्हटलं, "हो, आणि रंग माझा."

उद्या वर्तमानपत्रात येईल. शेजारच्या जिल्ह्यातूनही विचारणा आली आहे. जळगावला पुढच्या महिन्यात असंच मैदान आहे. आता चार आहेत, पुढे आठ करू. या धंद्यात उडी घेणारा मी पहिला आहे, आणि पहिल्यालाच पैसा असतो.

६ जून

जे झालं ते क्रमाने लिहितो.

मुलींना पहाटे बोलावलं होतं. आत फक्त उमेदवार. सारिका आणि तिची आई गेटबाहेर उभ्या. मी कंत्राटदार म्हणून आत, गळ्यात ओळखपत्र. ललिताच्या छातीला नंबर. पुन्या गावाहून आला होता, तो गेटच्या जाळीला धरून उभा.

कागदपत्रं, उंची, हे करता करता ऊन डोक्यावर आलं. साहेबांच्या कोणा साहेबांची गाडी उशिरा आली म्हणून धावणं आणखी मागे गेलं. पोरी जमिनीवर ओळीत बसलेल्या. मी स्वतः ग्लास भरून ललितापाशी नेला.

"बाळ, पाणी."

"नंतर घेते आबा."

"डॉक्टरने काय सांगितलं? दर तासाला ना? बाटली कुठे आहे तुझी?"

"आत आणू दिली नाही."

"मग हे घे. आणि तिकडे बघ, चार आहेत. तुमच्यासाठीच आहेत."

तिने बघितलं. मग पलीकडे सोफ्याकडे बघितलं, तिथे सात-आठ पाहुणे शहाळी पीत बसले होते, दोन कॅमेरे होते. पुन्हा माझ्याकडे बघितलं. "पळाल्यावर घेते," म्हणाली. ग्लास हातात धरला आणि मी वळल्यावर शेजारच्या मातीत ओतला. आवाज ऐकला मी. तेव्हा मला रागच आला. इतकं करून द्यावं, तरी हट्ट! अशा माणसाचं कोण भलं करणार?

शिट्टी झाली. पहिल्या फेरीला ती सगळ्यांच्या पुढे, आणि पुढे म्हणजे चांगलीच. पाहुण्यांतला एक जण शहाळं खाली ठेवून उठून उभा राहिला. गेटबाहेरून सारिकाची किंकाळी ऐकू येत होती, "ललिते! पळ!" दुसऱ्या फेरीला वळणावर तिचा एक हात कंबरेवर गेला. चार पावलं तशीच पळाली. मग चालली. मग खाली बसली, कोणी खांद्यावर हात ठेवून बसवावं तशी.

मैदानावरच्या डॉक्टरने विचारलं, "शेवटचं पाणी कधी प्यायलीस?"

"काल रात्री."

फेरी अपूर्ण म्हणजे बाद. दुसरी संधी नियमात नाही. तिला गाडीत घालून नेलं. पुन्या गाडीमागे थोडं पळाला, मग गाडी गेली तिकडे बघत रस्त्यात उभा राहिला.

सारिका गेटपाशी. रडत नव्हती. मी आधीच सुरू केलं, "मी ग्लास हातात दिला होता. विचार कोणालाही. आणि चार-चार उभी होती समोर, एक पोरगी गेली नाही. एक! संध्याकाळी बघशील, जशी आणली तशीच कोरडी परत जातील."

ती म्हणाली, "तुम्ही आत जाऊन बघितलंत का आबा?"

"मी कशाला जाऊ बायकांच्या..."

"पोरींनी सकाळीच बघितलं, बाहेर येऊन सांगितलं. तुम्हीही जाऊन बघा."

मैदान रिकामं झालं, सुपडू सोफा उचलत होता, तेव्हा गेलो. पहिल्या शौचालयाच्या आत उभा राहिलो. टाकी भरलेली, फरशी कोरडी. दार ओढून घेतलं. ते आपोआप परत उघडलं, पलीकडे सोफ्याची रिकामी जागा. पुन्हा ओढलं, हाताने चाचपलं. दुसऱ्यात गेलो, तिसऱ्यात, चौथ्यात.

चारही दारांना कडी फक्त बाहेरून आहे.